अन्नाचे वावडे आणि रक्ताची तपासणी

दर वर्षी मृग नक्षत्राच्या आरंभी, जून महिन्याच्या ७-८ तारखेच्या सुमारास, हैदराबाद शहरातील नामपल्ली येथील प्रदर्शन मैदानावर दम्याच्या रुग्णांची फार मोठी गर्दी लोटते. बत्तिनी गौड कुटुंबीयांकडून तेथे मरळ जातीच्या माशाच्या जिवंत पिलाच्या तोंडात पिवळ्या रंगाचे औषध घालून ते पिलू रुग्णास गिळावयास दिले जाते. शाकाहारी व्यक्तींना तेच औषध गुळातून मिळते. कोविडच्या साथीमुळे पडलेल्या खंडानंतर २०२३ पासून हा उपक्रम पुन्हा सुरू झाला. आंध्र व तेलंगणाप्रमाणेच महाराष्ट्रातूनही अनेक कुटुंबे आपल्या धापा टाकणाऱ्या मुलांना घेऊन तेथे येतात. या औषधाने दमा बरा होतो, असे शास्त्रीय कसोटीवर सिद्ध झालेले नाही. म्हणून डॉक्टरांनी दिलेले फवाऱ्याचे औषध त्यासाठी बंद करू नये, एवढे येथे सांगणे अवश्य आहे.

परंतु प्रस्तुत लेखाचा विषय तो नाही. दमा, अंगावर पित्त उठणे आणि एखादे अन्न न सोसणे हे तीन त्रास अनेक घरांत एकत्र नांदत असतात. त्यामुळे अशा मुलाच्या आईबापांच्या मनात एक प्रश्न हमखास असतो : ‘याला नेमके काय बाधते?’ पूर्वी हा प्रश्न घरातील वडीलधाऱ्यांना किंवा वैद्यांना विचारला जाई. आता तो रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेला विचारला जातो. थोडेसे रक्त दिले की शंभर-दोनशे अन्नपदार्थांची यादी हाती पडते. काही नावांपुढे तांबडी खूण असते आणि त्या दिवसापासून मुलाच्या ताटातून दूध, अंडे, डाळ, शेंगदाणे एकामागून एक नाहीसे होतात. ही यादी कितपत विश्वासार्ह आहे, रक्ताच्या तपासणीने काय समजते व काय समजत नाही, हे प्रत्येक पालकाने, शिक्षकाने व ग्रामकार्यकर्त्याने जाणून घेणे हिताचे आहे.

वावडे म्हणजे काय?

आपल्या शरीरात रोगजंतूंचा प्रतिकार करणारी एक संरक्षक यंत्रणा असते. ही यंत्रणा कधी कधी निरुपद्रवी पदार्थालाही शत्रू समजते आणि त्याच्याशी झुंज देऊ लागते. या झुंजीत शरीरालाच इजा होते. यालाच ॲलर्जी म्हणतात. हा शब्द व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली प्रथम वापरला. मराठीत ‘वावडे’ हा जुना शब्द आहे. मात्र लोकव्यवहारात न आवडणारे, न पचणारे व न सोसणारे अशा सर्वच अन्नाला आपण तो लावतो. वैद्यकशास्त्रात त्याचा अर्थ याहून पुष्कळच मर्यादित आहे.

ॲलर्जीस कारणीभूत होणारा घटक रक्तात असतो, याचा पुरावा एका माशाच्या वावड्यानेच मिळवून दिला. १९२१ साली ब्रेस्लाऊ येथील (आजच्या पोलंडमधील व्रोत्सवाफ) हाइन्झ क्यूस्टनर या डॉक्टरांना मासे मुळीच सोसत नसत. त्यांच्या रक्तातील रक्तरस त्यांचे सहकारी कार्ल प्राउस्निट्झ यांनी स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचताच तेथे गांधी उठली. प्राउस्निट्झ यांना स्वतःला माशाचे वावडे नव्हते. अर्थात ते क्यूस्टनर यांच्या रक्तरसातून आले होते. तो घटक कोणता, हे कळण्यास मात्र आणखी ४५ वर्षे लागली. १९६६ साली अमेरिकेत किमिशिगे व तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने आणि त्याच सुमारास स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिच यांनी त्याचा स्वतंत्रपणे शोध लावला. १९६८ साली त्यास ‘इम्युनोग्लोब्युलिन ई’, संक्षेपाने ‘आयजीई’, हे नाव देण्यात आले.

आयजीई हे एक प्रतिपिंड आहे. ते त्वचा, श्वासनलिका व आतडे यांतील विशिष्ट पेशींना चिकटून राहते. ज्या पदार्थाविरुद्ध ते तयार झाले असेल तो पदार्थ पोटात गेला, की या पेशी फुटतात व त्यांतून हिस्टामिन इत्यादी द्रव्ये बाहेर पडतात. परिणामी काही मिनिटांत, फार तर दोन तासांत, अंगावर गांधी उठतात, ओठ व डोळे सुजतात, उलट्या होतात, धाप लागते आणि क्वचित रक्तदाब एकदम खाली येऊन रुग्ण बेशुद्ध पडतो.

रक्ताची तपासणी कशी होते?

१९६७ साली स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनी रक्तातील विशिष्ट आयजीई मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्या वेळी किरणोत्सारी द्रव्याचा उपयोग करीत. आज त्याऐवजी प्रकाशमान होणारी किंवा विकरावर आधारलेली रसायने वापरली जातात. पद्धतीचे तत्त्व सोपे आहे. दूध, अंडे, शेंगदाणा किंवा मासा यांतील प्रथिन एका घन पृष्ठभागावर बसवितात व त्यावर रुग्णाचा रक्तरस सोडतात. त्या प्रथिनाविरुद्धचे आयजीई रक्तरसात असेल तर ते तेथे चिकटते. उरलेले सर्व धुऊन टाकल्यावर किती आयजीई चिकटले, हे यंत्राने मोजतात. उत्तर ‘किलोयुनिट प्रति लिटर’ या मापात येते. ०.३५ पेक्षा अधिक आकडा आल्यास तपासणी सकारात्मक धरण्याचा प्रघात आहे. आधुनिक यंत्रे ०.१ पर्यंत मोजू शकतात.

या तपासणीसाठी उपाशीपोटी राहावे लागत नाही. ॲलर्जीच्या गोळ्या चालू असल्या तरी निष्कर्षात फरक पडत नाही. त्वचेवर अर्काचा थेंब ठेवून टोचण्याची दुसरी एक पद्धत आहे. तिचा निष्कर्ष १५ ते २० मिनिटांत मिळतो, परंतु तिच्यापूर्वी काही दिवस या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात. ज्यांच्या अंगावर सर्वत्र इसब आहे किंवा ज्यांना गोळ्या बंद करणे शक्य नाही, त्यांच्यासाठी रक्ताची तपासणी अधिक सोयीची ठरते.

आकडा आणि आजार यांतील अंतर

येथे सर्वांत महत्त्वाची गोष्ट लक्षात ठेवावयास हवी. रक्तात आयजीई सापडणे म्हणजे शरीराने त्या पदार्थाची नोंद घेतलेली असणे होय. तो पदार्थ खाल्ल्यावर त्रास होईलच, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

याचा प्रत्यय आपल्या शेजारच्या कर्नाटक राज्यातच आला आहे. बंगळूर व म्हैसूर भागातील प्रौढ व्यक्तींची पाहणी करून तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्ध आयजीई आढळलेल्यांचे प्रमाण २६.५ टक्के होते. परंतु ज्यांना तेच अन्न खाल्ल्यावर त्रासही होत होता, म्हणजे ज्यांना अन्नाची ॲलर्जी असण्याचा संभव होता, त्यांचे प्रमाण केवळ १.२ टक्के निघाले. हिशेब करून पाहा. एक हजार माणसांच्या गावात सर्वांचे रक्त तपासले तर सुमारे २६५ जणांच्या कागदावर तांबडी खूण येईल आणि त्यांतील सुमारे १२ जणांनाच खरी ॲलर्जी असण्याचा संभव असेल. उरलेले अडीचशेहून अधिक लोक कागदावर विश्वासून आपले नेहमीचे अन्न विनाकारण सोडून बसतील.

असे का होते? निरनिराळ्या पदार्थांतील काही प्रथिने एकमेकांशी मिळतीजुळती असतात, हे त्याचे एक कारण आहे. अंथरुणातील धुळीत राहणारे सूक्ष्म कीटक, झुरळे आणि कोळंबी यांच्या अंगी ट्रोपोमायोसिन नावाचे जवळजवळ सारखे प्रथिन असते. त्यामुळे धुळीची ॲलर्जी असलेल्या, जन्मात कधी कोळंबी न खाल्लेल्या शाकाहारी माणसाच्या तपासणीतही ‘कोळंबी : सकारात्मक’ असा शेरा येऊ शकतो. गवताच्या परागकणांची ॲलर्जी असणाऱ्यास शेंगदाणा किंवा गहू यांपुढे खूण मिळते ती याच कारणाने. अशी व्यक्ती रोज भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी खात असेल व तिला काही होत नसेल, तर तिला शेंगदाण्याची ॲलर्जी नाही, मग कागद काहीही म्हणो.

आकडा मोठा असेल तर खऱ्या ॲलर्जीची शक्यता वाढते, हे खरे आहे. अमेरिकेत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अंड्यासाठी ७, शेंगदाण्यासाठी १४, दुधासाठी १५ व माशासाठी २० किलोयुनिट या मर्यादेपुढे मुलांना प्रत्यक्ष त्रास होण्याची शक्यता सुमारे ९५ टक्के असल्याचे दिसले. तथापि हे आकडे तज्ज्ञांकडे पाठविलेल्या तेथील मुलांचे आहेत. ते आपल्याकडील प्रत्येक मुलास जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. शिवाय आकड्यावरून त्रासाची शक्यता समजते, तीव्रता समजत नाही. लहान आकडा असूनही जीवघेणा प्रसंग ओढवू शकतो.

‘एकूण आयजीई’ ही निराळी तपासणी आहे. जंत, दमा व इसब यांमुळेही हा आकडा वाढतो. जंतांचा प्रादुर्भाव असलेल्या भागात केवळ एकूण आयजीई वाढलेले पाहून अन्नाची ॲलर्जी ठरविणे सर्वथा चुकीचे होय.

निरुपयोगी तपासण्या

काही ठिकाणी ‘आयजीजी’ या दुसऱ्या प्रतिपिंडाची तपासणी ‘अन्न-असहिष्णुता चाचणी’ या नावाने केली जाते. शंभराहून अधिक पदार्थांची यादी बहुधा याच तपासणीची असते आणि तिचा खर्चही मोठा असतो. आयजीजी रक्तात आढळणे याचा अर्थ तो पदार्थ आपल्या आहारात आहे, इतकाच होय. रोज भात खाणाऱ्याच्या रक्तात तांदळाविरुद्धचे आयजीजी आढळले, तर त्यात नवल नाही. युरोपातील ॲलर्जीतज्ज्ञांच्या संस्थेने २००८ साली, अमेरिकेतील संस्थेने २०१० साली व कॅनडातील संस्थेने २०१२ साली, अन्नाच्या ॲलर्जीचे निदान करण्यासाठी ही तपासणी वापरू नये, असे स्पष्टपणे जाहीर केले आहे. केस तपासून वावडे सांगण्याच्या पद्धतीलाही शास्त्रीय आधार नाही.

ॲलर्जीसारखे भासणारे इतर त्रास

अन्नाने होणारा प्रत्येक त्रास ॲलर्जीचा नसतो. दूध प्यायल्यावर पोटात गुडगुडणे व जुलाब होणे हे बहुधा दुग्धशर्करा पचविणारे विकर कमी पडल्याचे लक्षण असते. अशा माणसास दही व ताक पुष्कळदा सोसते. या त्रासात आयजीईचा संबंध नसतो. बांगड्यासारखा मासा पकडल्यानंतर थंड जागी ठेवला गेला नाही तर त्यात हिस्टामिन साचते. तो खाल्ल्यावर चेहरा लाल होतो, खाज सुटते व डोके दुखते. हे दिसावयास हुबेहूब ॲलर्जीसारखे असते, परंतु हा माशातील बिघाडाचा परिणाम असतो व एकाच पंक्तीतील अनेकांना एकदम होतो. गव्हातील ग्लुटेनमुळे आतड्यांस इजा करणारा सिलिॲक रोग हाही वेगळाच आजार असून त्यासाठी रक्ताची निराळी तपासणी करावी लागते. ती तपासणी होईपर्यंत गहू बंद करू नये. गहू आधीच सोडल्यास रोग असूनही तपासणीत तो दिसून येत नाही.

उलटपक्षी, काही तान्ह्या मुलांना गाईच्या दुधाने शौचातून रक्त पडते किंवा काही तासांनी वारंवार उलट्या होतात. या प्रकारांत आयजीई तपासणी नकारात्मक येते, तरीही त्रास खरा असतो. म्हणून नकारात्मक कागद दाखवून आईची तक्रार उडवून लावणेही योग्य नाही.

मग तपासणी केव्हा करावी?

अमुक पदार्थ खाल्ला आणि थोड्याच वेळात अमुक त्रास झाला, असा स्पष्ट वृत्तांत असेल तेव्हा त्या एका किंवा दोन-तीन संशयित पदार्थांपुरतीच तपासणी करावी. आपल्या देशात दूध, अंडे, मासे, कोळंबी, शेंगदाणे यांच्याप्रमाणेच हरभऱ्याचीही ॲलर्जी आढळते. मुंबईतील संशोधकांनी २००१ साली हे दाखवून दिले आहे. त्यामुळे परदेशी यादीत नसलेल्या बेसनाचाही विचार डॉक्टरांनी करावा लागतो. परंतु विचार वृत्तांतावरून सुरू व्हावयास हवा, यादीवरून नव्हे.

याकरिता डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी पुढील गोष्टी वहीत लिहून न्याव्यात : काय व किती खाल्ले, ते कच्चे होते की शिजविलेले, त्रास किती मिनिटांनी सुरू झाला, नेमके काय झाले व किती वेळ टिकले, कोणते औषध दिले, त्याच पदार्थाने पूर्वी त्रास झाला होता काय, तो पदार्थ त्यानंतर पुन्हा खाण्यात आला काय व तेव्हा काय झाले, त्या वेळी ताप, व्यायाम किंवा एखादे औषध चालू होते काय. गांधी उठल्या असल्यास त्यांचे छायाचित्र घेऊन ठेवावे. हा वृत्तांत शंभर पदार्थांच्या यादीपेक्षा अधिक मोलाचा असतो.

वृत्तांत व तपासणी यांचा मेळ बसत नसेल तर तज्ज्ञ डॉक्टर रुग्णालयात आपल्या देखरेखीखाली तो पदार्थ अत्यल्प मात्रेपासून वाढवीत खावयास देतात व परिणाम पाहतात. निदानाची शेवटची कसोटी हीच होय. हा प्रयोग घरी कदापि करू नये.

विनाकारण पथ्याचे दुष्परिणाम

‘नाही खाल्ले तर बिघडते काय?’ असा प्रश्न काहीजण विचारतात. वाढत्या वयाच्या मुलाचे पुष्कळच बिघडते. दूध, अंडे, डाळी व शेंगदाणे ही सामान्य कुटुंबातील मुलाची प्रथिनांची मुख्य साधने आहेत. ती एकदम बंद केल्यास वजन व उंची खुंटते. दुसरा धोका त्याहून गंभीर आहे. इसब असलेले एखादे मूल अंडे किंवा दूध बिनतक्रार खात असते. केवळ कागदावरून ते महिनोगणती बंद केले जाते आणि पुन्हा खाण्यात आल्यावर पूर्वी कधी न झालेली तीव्र प्रतिक्रिया उमटते, अशी उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. नियमित खाण्याने टिकून राहिलेली सहनशक्ती पथ्यामुळे नष्ट होऊ शकते. लंडन येथे ६४० बालकांवर झालेल्या व २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानेही हेच सुचविले. ॲलर्जीचा धोका अधिक असलेल्या ज्या बालकांना पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचे पदार्थ नियमित देण्यास आरंभ केला, त्यांच्यात शेंगदाण्याची ॲलर्जी न देलेल्या मुलांपेक्षा सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. मात्र तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या बालकास असा आरंभ डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा. लहान मुलास अख्खे दाणे देऊ नयेत. ते श्वासनलिकेत अडकतात.

ॲलर्जी खरोखर सिद्ध झाली तर मात्र पथ्य काटेकोरपणे पाळले पाहिजे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार बंद पुडक्यातील पदार्थात दूध, अंडे, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे कवचधारी जीव, शेंगदाणे व सुका मेवा, सोयाबीन, ग्लुटेनयुक्त धान्ये यांपैकी काही असल्यास वेष्टनावर तसा उल्लेख करणे आवश्यक आहे. तो वाचण्याची सवय लावावी. दूध व अंडे यांची ॲलर्जी मुलांमध्ये वाढत्या वयाबरोबर पुष्कळदा जाते. शेंगदाणे, मासे व कोळंबी यांची बहुधा टिकून राहते. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने ठराविक काळाने फेरतपासणी करावी. एकदा लागलेली तांबडी खूण जन्मभराची नसते.

तातडीचा प्रसंग

अन्न खाल्ल्यावर थोड्याच वेळात गांधी उठून त्याबरोबर धाप लागणे, आवाज घोगरा होणे, वारंवार उलट्या होणे किंवा भोवळ येणे ही धोक्याची सूचना आहे. दमा ताब्यात नसलेल्या मुलास हा धोका अधिक असतो. नामपल्लीस मासा गिळण्यासाठी जाणाऱ्या दमेकऱ्यांपैकी ज्यांना माशाने पूर्वी कधी असा त्रास झाला असेल, त्यांनी तो कोणत्याही रूपात पोटात जाऊ देऊ नये.

अशा वेळी रक्त तपासण्यात वेळ घालवू नये. ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायूत ताबडतोब देणे हाच यावरील पहिला उपाय आहे. त्याचे प्रमाण वजनाच्या दर किलोस ०.०१ मिलिग्रॅम, व प्रौढास जास्तीत जास्त ०.५ मिलिग्रॅम असते. खाजेची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. रुग्णास आडवे निजवून पाय उंच करावेत. धाप लागली असल्यास बसवावे. परंतु उभे करू नये किंवा चालवत नेऊ नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी अथवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तत्काळ न्यावे. बरे वाटल्यावरही काही तास देखरेखीखाली ठेवावे, कारण त्रास पुन्हा उलटू शकतो.

शिक्षक व कार्यकर्ते यांचे कार्य

शाळेतील मध्यान्ह भोजन व अंगणवाडीचा पोषक आहार यांच्या संदर्भात शिक्षक व सेविका यांची जबाबदारी दुहेरी आहे. ज्या मुलास खरी ॲलर्जी आहे त्याचे नाव, पदार्थ, लक्षणे, पालकांचा दूरध्वनी व जवळच्या आरोग्य केंद्राचा पत्ता स्वयंपाकघरात व शाळेच्या कार्यालयात लिहून ठेवावा. ‘थोडेसे खाल्ले तर काय होते’ असे म्हणून अशा मुलास कोणी आग्रह करू नये. त्याचबरोबर, केवळ प्रयोगशाळेच्या यादीवरून एखाद्या मुलाचे अंडे-दूध बंद झाल्याचे आढळल्यास त्याचे वजन पाहावे व पालकांना यादीसह सरकारी रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. हैदराबादेतील मराठी कुटुंबांना यासाठी नामपल्लीपासून जवळच रेड हिल्स येथे मुलांचे निलोफर रुग्णालय आहे. महाराष्ट्रातील कुटुंबांनी जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठावे.

रक्ताची तपासणी हे उपयुक्त साधन आहे. अनुभवी डॉक्टरांच्या हाती, योग्य प्रश्नासाठी वापरले तर ते प्राण वाचवू शकते. परंतु प्रश्न न विचारता उत्तर मागितले, तर तेच साधन निरोगी मुलाच्या तोंडचा घास काढून घेते. म्हणून आधी वृत्तांत, मग तज्ज्ञांचा सल्ला आणि त्यानंतर गरज असेल तेवढीच तपासणी, हा क्रम सर्वांनी ध्यानात ठेवावा व इतरांनाही समजावून सांगावा.